सगळं मालकाच्या डोक्यात

२००८ साली तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या आणि तिथून पुढे गुजरातच्या हद्दीत लागणाऱ्या उंबरगावातल्या काही कापड कारखान्यांत बाहेरची माणसं येऊन फोटो काढू लागली. त्यांना मागांपेक्षा सुताच्या गोदामांत जास्त रस होता. लेबल नसलेली पोती, एकमेकांत मिसळलेले निरनिराळ्या रंगांचे आणि जातींचे सुताचे कोन, ओल लागेल याची फिकीर न करता रचलेला माल. थप्पी इतकी उंच आणि खोल, की मागच्या पोत्यापर्यंत हात पोचणंच अशक्य. कुठे चिरडलेला कोन, कुठे वाटेत आडवा पडलेला जुना बीम, कुठे तेल गळणारं यंत्र आणि त्याच्या भोवती कापसाच्या तुसाचे ढीग.

हे कारखाने बुडीत निघालेले नव्हते. चालू होते, नफ्यात होते, कुटुंबाच्या मालकीचे होते आणि त्यांची एकेक कंपनी सरासरी २७० माणसांना रोजगार देत होती. फोटो काढणारे सल्लागार एका मोठ्या प्रयोगासाठी आले होते. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्यासोबत अप्रजित महाजन, जॉन रॉबर्ट्स, बेन आयफर्ट या अर्थतज्ज्ञांना एकच गोष्ट तपासायची होती : कारखान्यातला गबाळेपणा खरोखर पैशात मोजता येतो का?

त्यांनी १७ कंपन्यांचे २८ कारखाने अभ्यासाला घेतले. नीट कारभाराच्या ३८ सवयींची यादी केली. यादीत थोर काही नव्हतं. कापडातला दोष रोज लिहून ठेवणं, माग किती वेळ आणि कशाने बंद पडला याची नोंद, सुताचा साठा किती आहे हे नेमाने मोजणं, हत्यारं ठरलेल्या जागी ठेवणं, रोज एकत्र बसून कालचे आकडे बघणं. सरासरी कारखान्यात यातल्या जेमतेम चौथा हिस्सा गोष्टी होत होत्या. दोषांची वही बहुतेक ठिकाणी होती, पण ती उघडायची तेव्हा, जेव्हा गिऱ्हाईक माल परत पाठवायचं. आणि दोष शोधून रफू करण्याच्या कामावर जवळजवळ पाचवा हिस्सा मजूर खपत होते. कापड आधी बिघडवायचं आणि मग पगार देऊन सुधारायचं, असा तो कारभार.

काही कारखान्यांना फक्त एक महिन्याची पाहणी मिळाली, इतरांना त्यापुढे चार महिने सल्लागारांची प्रत्यक्ष मदत. ती मालकांना फुकट होती; बाजारभावाने तिचे दर कारखान्यामागे सुमारे अडीच लाख डॉलर झाले असते. मदत मिळालेल्या कारखान्यांत पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, दोष मोठ्या प्रमाणात घटले, साठा कमी झाला. संशोधकांच्या हिशेबाने दर कारखान्याचा नफा वर्षाला सुमारे तीन लाख डॉलरने वाढला. म्हणजे सल्ला विकत घेतला असता तरी तो वर्षाच्या आत वसूल झाला असता.

साठ्याची गोष्ट तर मुळातून वाचण्यासारखी आहे. गोदामं आवरली तेव्हा मालकांनाच ठाऊक नसलेलं सूत निघालं. कुठल्याशा जुन्या ऑर्डरचं उरलेलं, रंग थोडा वेगळा लागलेलं, कधीतरी वापरू म्हणून ठेवलेलं. मग त्या शिल्लक सुताची शेड कार्डं बनवली आणि डिझाइन करणाऱ्यांकडे पाठवली : आहे त्यातून काही होतं का बघा. तोवर एकीकडे जुनं सूत कुजत होतं आणि दुसरीकडे नवं सूत रोख देऊन येत होतं.

मग हे आधीच का केलं नाही? मालकांचं उत्तर आपल्या ओळखीचं आहे. शेजारच्यांचा माल काही आमच्यापेक्षा बरा नसतो. धंदा चाललाय की. कुणी अडाणी नव्हतं, आळशी तर नव्हतंच. बहुतेक जण सकाळपासून रात्रीपर्यंत कारखान्यात असायचे. गबाळेपणाचा तोटा कुठल्याच बिलावर छापून येत नाही, ही खरी अडचण. वीजबिल वाढलं की दिसतं. कुजलेलं सूत दिसत नाही, कारण ते समोरच पडलेलं असतं.

या अभ्यासात एक निरीक्षण जाता जाता आलं आहे, पण ते इतर सगळ्यांपेक्षा जास्त बोलकं आहे. कंपनीचे कारखाने किती, हे कशावरून सांगता येत होतं? घरातल्या पुरुषांच्या संख्येवरून. तीन भाऊ असतील तर तीन कारखाने. पगारी व्यवस्थापकावर विश्वास टाकायचा तर त्याने काय केलं हे तपासायला आकडे हवेत. आकडे नाहीत म्हणून विश्वास नाही. विश्वास नाही म्हणून भाऊ, मुलगा, पुतण्या. ते संपले की वाढ संपली. (सून किंवा मुलगी या हिशेबात कुठेच नाही, याची नोंद आपण करायला हरकत नाही.)

मराठी माणसाच्या धंद्याची दुसरी शाखा का निघत नाही, यावर आपल्याकडे व्यासपीठावरून पुष्कळ बोललं जातं. स्वभाव, भांडवल, नोकरीची ओढ वगैरे. दुकानातला हिशेब मालकाशिवाय कुणाला वाचता येतो का, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

तारापूरचे कारखाने तसे मोठेच. एका माणसाच्या, दोन माणसांच्या धंद्यात हा नियम चालतो का? मॅकेन्झी आणि क्रिस्तोफर वुडरफ यांनी बांगलादेश, श्रीलंका, केनिया, घाना, नायजेरिया, मेक्सिको आणि चिली या देशांतल्या छोट्या धंद्यांना २६ सवयींच्या कसोटीवर तपासलं. त्यांचा लेख २०१७ साली प्रसिद्ध झाला. मालाची मोजणी, नोंदी, उधारीचा पाठपुरावा, पुढच्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज अशा त्या सवयी. ज्यांच्याकडे त्या जास्त, त्यांची विक्री आणि नफा जास्त, आणि धंदा टिकण्याची शक्यताही जास्त. माणूस किती शिकलेला यासारख्या गोष्टी जमेला धरूनही हे नातं उरलं.

केनियातलं आणखी एक संशोधन तर थेट आपल्या वाण्याच्या दुकानातलं वाटावं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत छोटे दुकानदार केवळ सुट्टे पैसे नाहीत म्हणून किती गिऱ्हाईक गमावतात ते मोजलं. नफ्याच्या ५ ते ८ टक्के! सकाळी निघताना मोड घेतली तर जे टळलं असतं, तेवढ्यासाठी. गंमत अशी, की दुकानदारांना दर आठवड्याला नुसतं विचारत गेलं, ‘या आठवड्यात सुट्ट्यांपायी किती विक्री गेली?’, तरी त्यांची सवय सुधारली. कुणी पैसे दिले नाहीत, प्रशिक्षण दिलं नाही. आकडा डोळ्यांपुढे आला, एवढंच.

आपल्याकडे २०१६ नंतर यूपीआयने सुट्ट्यांची कटकट बरीच मिटवली आणि तिच्या जागी नवा घोळ आणला. काउंटरवर तीन क्यूआर : एक मालकाचा, एक मुलाचा, एक ‘तो चालत नसेल तर हा घ्या’. तिन्ही खात्यांतले पैसे दुकानाचेच. त्यातल्या एका खात्यातून घरचा गॅस, मुलीची फी आणि गाडीचा हप्ताही जातो. महिनाअखेरीला दुकानाने किती कमावले हे घरातलं कुणीही सांगू शकत नाही.

दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे घरगुती फराळाच्या धंद्यात काय चालतं ते बघावं. ऑर्डर येते फोनवर, व्हॉट्सॲपवर, व्हॉइस मेसेजमध्ये, जिन्यात भेटल्यावर तोंडी. ‘ताई, मागच्या वर्षीसारखंच, फक्त चिवडा जरा कमी तिखट.’ मागच्या वर्षी काय होतं? ते मागच्या वर्षीच्या चॅटमध्ये, आणि तो फोन पावसाळ्यात बिघडला. अॅडव्हान्स आला, पण यूपीआयवर नाव नवऱ्याचं. ऑर्डर बायकोने दिलेली. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री अकरा वाजता अनारशाचे चार डबे जास्त आणि शंकरपाळ्यांचे तीन कमी निघतात. परदेशी पाठवायच्या पार्सलची तऱ्हा आणखी निराळी : कुरियरवाल्याला प्रत्येक जिन्नस, त्याचं वजन आणि किंमत लिहून हवी असते, आणि नेमकी तीच यादी कुठे नसते.

हातची चव उत्तम असते. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येतं. म्हणूनच चूक कळत नाही. सर्वांत मोठी चूक असते ती भाव लावण्यात. रवा, साखर, तूप, तेल, डाळी यांचा हिशेब घरातल्या बाईला झोपेतून उठवलं तरी सांगता येतो. पण सिलिंडर, डबे आणि लेबलं, मदतीला आलेल्या दोघींची मजुरी, रिक्षाभाडं, फुटून गेलेला माल, चव बघायला दिलेला माल हे कुठे लिहिलेलंच नसतं. समजा, हिशेबातून किलोमागे ४० रुपये सुटले आणि ३०० किलो फराळ गेला, तर १२ हजार रुपये गेले; आणि तिच्या स्वतःच्या मजुरीचा विषय तर अजून निघालेलाच नाही. ‘यंदा खूप ऑर्डरी होत्या’ आणि ‘यंदा काही उरलं नाही’ ही दोन वाक्यं एकाच तोंडून येतात, ती अशी.

कागद हरवणं ही पूर्वी गैरसोय होती. १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यापासून तो रोख तोटा आहे. १ लाखाचा माल घेतला, त्यावर १८ टक्क्यांनी १८ हजार कर भरला. हा कर विक्रीवरच्या करातून वजा करून मिळतो. पण बिल हवं, पुरवठादाराने ते पोर्टलवर चढवलेलं हवं आणि दावा वेळेत व्हायला हवा. आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबर ही शेवटची तारीख. वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर ती तारीख. ती उलटली की १८ हजार सरकारजमा. पाच टक्के नफ्यावर धंदा करणाऱ्याला ते भरून काढायला ३ लाख ६० हजारांची विक्री करावी लागेल. शिवाय पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेली वजावट व्याजासह परत करावी लागते. हे दिवस मोजणार कोण? वहीच नसेल तर कुणीच नाही.

कायदा नेहमीच छोट्याच्या विरोधात असतो असंही नाही. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ग्राहक कंपनीने जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असं २००६चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढीने, व्याज. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून आयकराचीही त्याला जोड मिळाली : मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करून मिळत नाही. तक्रारीला ‘समाधान’ नावाचं पोर्टल २०१७ साली सुरू झालं. पण तिथे विचारतात काय? उद्यम नोंदणी, ऑर्डर, बिल, माल पोचल्याची सही. चाकण, भोसरी, सातपूर, शिरोली, कुठल्याही वसाहतीत विचारा. सहीचं चलन टेम्पोच्या डॅशबोर्डवर राहिलं आणि मग गाडी धुताना गेलं, ही कहाणी ऐकायला मिळेल. हक्क आहे, पुरावा नाही.

हिशेबाच्या चिठ्ठ्या आणि हिशेबाची वही यांत फरक काय, याचा निवाडा या देशात सर्वोच्च न्यायालयाने केलेला आहे, आणि तो एका भलत्याच प्रकरणात. जैन हवाला प्रकरणाच्या १९९८च्या निकालात प्रश्न होता, की जैन बंधूंकडे सापडलेल्या नोंदी तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ३४खाली ‘हिशेबवही’ ठरतात का. न्यायालयाने स्पायरलने बांधलेल्या वह्या चालवून घेतल्या. फायलींतले सुटे कागद मात्र वही नव्हेत, असं सांगितलं. आणि बांधलेली वही असली तरी ती रोजच्या व्यवहारात नेमाने लिहिलेली हवी, वर नुसत्या नोंदीच्या जोरावर कुणावर देणं लादता येत नाही. मोठमोठे राजकारणी त्यातून सुटले. खिळ्याला टोचलेल्या चिठ्ठ्यांवर उधारी ठेवणाऱ्या दुकानदाराने हा निकाल उलट बाजूने वाचावा.

मग संगणक घ्यावा का? जरूर घ्यावा. भारतातलं सर्वांत परिचित हिशेबाचं सॉफ्टवेअर अशाच गरजेतून जन्मलं. श्यामसुंदर गोएंका कापड गिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवत. स्वतःच्या धंद्याच्या हिशेबाला नीट चालेल असं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा त्यांनी गणिताचा पदवीधर असलेल्या मुलाला, भरत गोएंका यांना, ते तयार करायला सांगितलं. १९८६ साली बेंगळुरूत सुरू झालेल्या त्या कामातून पुढे ‘टॅली’ झालं. आज महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी नोकरी मागायला गेलं की पहिला प्रश्न असतो, ‘टॅली येतं का?’

एवढं असून घोळ संपत नाही, कारण टॅलीत आकडे भरायला माणूस येतो महिन्यातून दोनदा, आणि त्याच्यापुढे ठेवली जाते एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीतली निम्मी बिलं थर्मल कागदाची, उन्हाने पांढरी पडलेली. उरलेलं मालकाला विचारायचं, आणि मालक म्हणणार, ‘टाक अंदाजे.’ त्या ‘अंदाजे’वर पुढे बँकेचं कर्ज, कराचा भरणा आणि मालकाचा स्वतःबद्दलचा समज, तिन्ही उभे राहतात.

यापेक्षा साधा उपाय डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये करून पाहिला गेला. तिथल्या एका सूक्ष्मवित्त संस्थेच्या कर्जदारांपैकी काहींना रीतसर हिशेबशास्त्र शिकवलं, काहींना फक्त अंगठेनियम. त्यातला मुख्य नियम असा : धंद्याचे आणि घरचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवा, स्वतःला ठरलेला पगार द्या, एका खणातून दुसऱ्यात पैसे टाकले तर चिठ्ठी ठेवा. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हिशेबशास्त्र शिकलेल्यांच्या वागण्यात फारसा फरक पडला नव्हता. दोन खणवाल्यांच्या नोंदी आणि कारभार सुधारला होता, विशेषतः ज्यांची अवस्था आधी जास्त वाईट होती त्यांच्यात. आपल्याकडच्या उद्योजकता शिबिरांत पहिल्याच दिवशी ताळेबंद शिकवायला घेतात. त्यांनी आधी खण वाटावेत.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक पसारा वाईट नसतो. जुन्या पेठांतली हार्डवेअरची दुकानं आठवा. कुठेही पाटी नाही, छतापर्यंत खोकी. पण ‘पाऊण इंची, बारीक आट्याचा’ म्हणताच मालक न बघता हात घालून नेमका स्क्रू काढतो. नवीन सुपरमार्केटमधल्या पोराला संगणकावर शोधूनही तो सापडणार नाही. हे कौशल्य खरं आहे आणि त्याची चेष्टा करण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच, की तो मालक मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेला तर आठवडाभर दुकान उघडून काय करायचं? उलट टोकाचे नग पण असतात : सात रंगांच्या फायली, अकरा रजिस्टरं, आणि एकही कुणी उघडून न पाहिलेलं. नोंद करणं आणि नोंद वाचणं यांत दुसरं जास्त अवघड आहे. तारापूरच्या त्या रोजच्या बैठकीने काम केलं ते म्हणून.

त्या कारखान्यांचं पुढे काय झालं? संशोधक २०१७ साली परत गेले. अंगीकारलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटलेल्या होत्या. जिथे कारखान्याचा व्यवस्थापक बदलला तिथे जास्त, आणि जिथे मालकांना वेळ मिळेनासा झाला तिथेही. तरीही मदत न मिळालेल्या कारखान्यांपेक्षा ते बरेच पुढे होते, आणि काही सवयी त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांत आपोआप पोचल्या होत्या. निकाल निराश करणारा मुळीच नाही. नऊ वर्षांनी निम्मं टिकणं ही घरच्या व्यायामाच्या मानाने फारच चांगली टक्केवारी म्हणायची.

अशी मदत आता कापडवाल्यांपुरती राहिलेली नाही. केंद्र सरकारने मार्च २०२३मध्ये नव्याने सुरू केलेल्या ‘लीन’ योजनेत कारखाना आवरणं, साठा मोजणं, वाया जाणारा वेळ शोधणं यासाठी सल्लागार मिळतो आणि त्याच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार उचलतं. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादक उद्योगांसाठी ती आहे. छोट्या दुकानाला अशी योजना नाही, आणि लागतही नाही. एक बांधीव वही आणि दुसरा खण पुरतो.

सर्वांत महाग पडणारा घोळ मात्र मालक गेल्यावर कळतो. कोविडच्या दोन वर्षांत हे अनेक घरांनी भोगलं. दुकान होतं, माल होता, नाव होतं. येणं कुणाकडून किती, हे सांगणारा माणूस नव्हता. ज्यांचं देणं होतं ते आपणहून आले, ज्यांच्याकडून येणं होतं त्यांच्यापैकी फार थोडे. मुदतीच्या कायद्याप्रमाणे विकलेल्या मालाच्या पैशांसाठी तीन वर्षांत दावा लावावा लागतो. त्या आत समोरच्याने सहीनिशी देणं कबूल केलं तर तिथून पुन्हा तीन वर्षं मिळतात. वारसांना नावंच माहीत नसतील तर त्या तीन वर्षांचं करायचं काय?

यंदा लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होईल. धंद्याचं खरं वर्ष कायद्याने ३१ मार्चला संपतं, वही तेव्हाच बदलते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी पूजा दिवाळीला होते आणि ती व्हावीच. कुंकू वाळलं की मालकाने दुसऱ्या पानावर एवढं लिहावं : येणं कुणाकडून आणि कधीपासून, देणं कुणाला, खाती कुठल्या बँकांत, भाडेकरार आणि विम्याचे कागद कुठल्या कपाटात, हिशेब बघणाऱ्याचा फोन कोणता. मग ते पान घरातल्या अशा माणसाला वाचायला द्यावं, जो वर्षभरात एकदाही गल्ल्यावर बसलेला नाही. त्याला ज्या ओळी कळणार नाहीत, त्या पुन्हा लिहाव्यात.